आधीच पडणारी माणसं

७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. पोचले की कळव. मागच्या खेपेचे पोचल्याचं तू अजून कळवलेलं नाहीस.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. बाबांची तब्येतही झकास आहे, असं बाबांचं म्हणणं आहे. फोन त्यांच्या खुर्चीला चिकटून असल्यामुळे बाकीचं पत्रातच लिहावं लागतंय.

आजारपणानंतर त्यांच्या उजव्या हाताची पकड गेली, हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, डॉक्टरांना ठाऊक आहे. बाबांना मात्र नाही. बाटलीचं झाकण उघडेना की हल्ली झाकणंच वाईट बनवतात, असं ते म्हणतात. आणि सायकलवाल्याच्या दुकानावरची आपली खोली, जिला बाबा डोजो म्हणतात आणि सायकलवाला धडधड म्हणतो, तिथे त्यांना खरं कळायची सोयच राहिलेली नाही.

संध्याकाळी आधी माझी ज्युडोची मंडळी एकमेकांना आपटतात, मग बाबांचा आयकिडोचा वर्ग भरतो. तो वर्ग तुझ्या वेळेपेक्षा आता फारच देखणा झालाय. बाबा नुसता हात फिरवतात आणि समोरचा हवेत गिरकी घेऊन मॅटवर पडतो. कारण बाबांचा हात पोचायच्या आधीच तो निघालेला असतो. सुरुवात आपल्या दंतवैद्याने केली. बाबा इस्पितळातून परतल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी याचं मनगट वळवायला घेतलं, ते काही वळेना, आणि हा भला माणूस आपणहून पडला. मागच्यांनी ते पाहिलं. तेही पडले. कुणी कुणाला काही बोललं नाही. आता नवीन आलेला माणूस आधी कसं पडायचं ते शिकतो आणि मग केव्हा पडायचं ते. मीसुद्धा पडते. बरी पडते.

आता खरी गोष्ट. पलीकडच्या रस्त्यावरच्या इस्पितळातून विचारणा आलीय. पेशंटचे नातेवाईक पिऊन येतात, नर्सच्या अंगावर धावून जातात. तर स्वतःला सोडवून घ्यायला शिकवाल का? निरोप घेऊन आलेला माणूस जिना उतरायच्या आत बाबांनी होकार दिला. मी म्हटलं, हा वर्ग मला घेऊ द्या. तर म्हणाले, तू माणसं आपटतेस, त्यांना पेशंट वाढवायचे नाहीयेत.

तू लिफ्ट तपासतोस. पडण्यातलं घरात माझ्याखालोखाल तुलाच कळतं. काय करू ते लिही.

लोभ आहेच, उत्तर उशिरा आलं तर कमी करण्यात येईल.
तुझी,
ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. साष्टांग हा शब्द आपल्या घरात तोंडदेखला लिहीत नाहीत. लहानपणी तू मला तो पुष्कळदा प्रत्यक्ष घालायला लावला आहेस. आशीर्वाद पोचले. त्यातला एक वाटेत जरा चेपला होता.

तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. आमचे साहेब विनोद सांगतात आणि अख्खं ऑफिस हसतं. एकही विनोद आजवर कुणाला कळलेला नाही. साहेब निवृत्त होतील तेव्हा छान माणूस म्हणून आठवण काढू. यात कुणाचं काय बिघडतं? बाबांचंही तसंच समज. नर्स मंडळी चार दिवस हातवारे करतील, दमून घरी जातील, बाबांना एक हार घालतील.

आणि तू खरं सांगितलंस, तर पुढे काय? त्या खोलीशिवाय बाबांकडे आहे काय? एक टीव्ही आणि एक मी. दोघंही एकतर्फी बडबडतो असं त्यांचं जुनं मत आहे. ताई, उभ्या माणसाच्या पायाखालची फळी काढायची नसते. तू जशी पडतेस तशी पडत राहा.

तुझ्या भाच्याने शाळेत कुणाला तरी पाय घालून पाडलं. आत्याने शिकवलं, असं मुख्याध्यापकांना सांगून मोकळा झाला.

लोभ कमी करू नये. उत्तर वेळेवर दिलं आहे.
तुझा,
धाकटा


१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

इस्पितळाच्या वर्गात एक लहानखुरी नर्स होती. सगळ्यांत मन लावून शिकणारी. धरलेलं मनगट सोडवून समोरच्याचंच उलटं कसं वळवायचं, हे बाबांनी तिला शिकवलं आणि सरावाला दंतवैद्याला उभं केलं. तो अर्थातच पडला. पुन्हा पडला. एकदा तर इतका सुरेख पडला की बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई हरखून घरी गेली.

परवा वॉर्डात एका पेशंटच्या मेहुण्याने तिचा हात धरला. तिच्यामागे दार उघडं होतं. ती ओरडू शकत होती, हिसडा मारून पळू शकत होती. ते न करता ती थांबली, पाय नीट टाकला आणि शिकवल्याबरहुकूम त्याचं मनगट वळवलं. मेहुणा आपल्या वर्गातला नव्हता. त्याने तिला भिंतीवर भिरकावलं. तिचा हात कोपराच्या खाली मोडलाय.

तू विचारलं होतंस, कुणाचं काय बिघडतं. हे बिघडलं.

बाबा तिला भेटून आले. आल्यावर जेवले नाहीत. बराच वेळ स्वतःशीच हात फिरवत बसले, मग म्हणाले, तिचा डावा पाय चुकला असणार. आता पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ते तिथल्या सगळ्या स्टाफसमोर स्वतः करून दाखवणार आहेत. दंतवैद्यावर नाही, कपाटावर.

कपाट म्हणजे तिथला एक मदतनीस. सगळे त्याला कपाटच म्हणतात. पेशंट झोपलेला असताना खाट उचलून बाजूला ठेवतो. स्वभावाने अगदी गरीब. पण सांगितलेलं काम चोख करणारा. धर म्हटलं की धरणार, आणि बाबा ओढाताण करायला लागले की सुटू नये म्हणून आणखी धरणार. बाबांच्या खुब्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते ते तुला आठवतं ना? वेडंवाकडं पडले, तर पुन्हा चालणार नाहीत.

मी त्यांना नको म्हटलं. तर म्हणाले, मी इतकी वर्षं काय नाच शिकवतोय का? मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे आलं होतं.

लोभ असू दे, आणि अक्कल असली तर तीही पाठव.
ताई


२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार. चेष्टा पुरे.

कपाटाला गाठ आणि त्याला पडायला सांग. हातापाया पड, चहा पाज, म्हातारा माणूस आहे म्हणून सांग. बाबांनी हात वळवला की गुडघा टेक म्हणावं, एवढं तर त्याला जमेल. तेही जमत नसेल तर बाबांचा तो काळा घोळदार पायजमा भिजत टाक आणि रविवार उलटेपर्यंत वाळू देऊ नकोस. त्याच्याशिवाय ते मॅटवर जात नाहीत.

मी स्वतः आलो असतो, पण इथे एका सहा मजली इमारतीची लिफ्ट माझ्या गळ्यात आहे. मालक रोज भांडतोय. म्हणतो, रिकामी चालवून बघा, किती छान चालते. त्याला सांगून दमलो की बाबा रे, ब्रेक पूर्ण भार घालूनच बघायचा असतो, रिकामी काय, कुठलीही लिफ्ट थांबते. भार घातल्याशिवाय मी सही करणार नाही म्हटल्यावर आता साहेबांकडे गेलाय.

ताई, काहीही कर, पण त्यांना पडू देऊ नकोस. मला इथे झोप नाही.

लोभ नंतर बघू.
धाकटा


२८ फेब्रुवारी, शनिवार

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र पर्समध्ये घालून मी कपाटाला भेटायला निघाले होते. काय बोलायचं ते नीट ठरवायला फाटकाशी उभी राहून पुन्हा वाचलं. रिकामी चालवून बघा, हे वाक्य आलं आणि मी तिथूनच परत फिरले. अनोळखी लिफ्टसाठी तू साहेबांशी भांडतोस आणि घरची लिफ्ट मी रिकामी चालवायची, असं तुझं म्हणणं. तुझ्यावर रागावले नाही. मीही तेच करत आलेय.

आज वर्गात बाबांनी समोर या म्हटल्यावर दंतवैद्य उठला, त्याला मी बसवलं. मी गेले. वाकून नमस्कार केला आणि बाबांचं मनगट धरलं. ज्युडोत धरतो तसं.

बाबांनी हात वळवला. मी उभीच. त्यांना वाटलं माझं लक्ष नाही, म्हणून त्यांनी सावकाश पुन्हा केलं. मी उभीच. मागे कुणीतरी उगाच खोकलं. मग त्यांनी पाय बदलला, तोच डावा पाय, आणि जोर लावला. धाकट्या, तेव्हा माझं सगळं अंग पडायला निघालं होतं. गुडघा वाकलासुद्धा. बाबांनी तो वाकताना पाहिला. मी तो सरळ केला, तेही पाहिलं. खोलीत एवढी शांतता झाली की सायकलवाला, धडधड का थांबली म्हणून, जिन्यात येऊन उभा राहिला.

मग बाबांनी एकेकाकडे बघितलं. दंतवैद्याकडे जरा जास्त. सगळे मॅटकडे बघत होते. आणि दुसऱ्या हाताने त्यांनी माझ्या दंडावर दोनदा थोपटलं.

थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं, हे आपल्याला चालता येण्याच्या सुमारास शिकवलेलं. पण बाबांनी कुणाला थोपटलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मी सोडलं. त्यांच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते.

त्यांनी नमस्कार केला, कोपऱ्यात बसून पायजम्याच्या एकेक चुणीची घडी घातली, कुणाला हात लावू दिला नाही, आणि माझ्यासाठी न थांबता निघून गेले. आत्ता पलीकडच्या खोलीत बॅग भरताहेत. पायजमा त्यात आहे. उद्या जाऊ नका म्हणायला मी दारापर्यंत गेले, तर त्यांनी नुसतं बघितलं.

एवढं करून ते कपाटासमोर उभे राहणारच असतील, तर मी त्यांना आज फक्त उघडं पाडलं, वाचवलं काहीच नाही. उद्या काय होईल ते मला माहीत नाही. मागोमाग जाईन, एवढं ठरलंय.

या पत्राला शेवट सुचत नाही.
ताई


३ मार्च

चि. लिफ्टवाल्यास,
अनेक आशीर्वाद. हे पत्र डाव्या हाताने लिहीत असल्यामुळे अक्षर तुझ्यासारखं आलं आहे, क्षमा असावी.

तुझी दोन्ही पत्रं तुझ्या बहिणीने मला वाचायला दिली. तुझ्या साहेबांच्या विनोदांशी माझी तुलना झालेली पाहिली. लक्षात ठेवली आहे.

रविवारी गेलो. तुझी बहीण चार पावलं मागे. येऊ नकोस म्हटलं, तर म्हणते रस्ता सगळ्यांचा आहे. तिथे सगळा स्टाफ जमलेला, आणि पहिल्या रांगेत ती नर्स, हात गळ्यात बांधलेला. मी कपाटाला म्हटलं, धर. त्याने धरलं. काय धरलं रे! दोन वर्षं लोक माझा हात फुलदाणी उचलावी तसा धरत होते. मी सगळं केलं. हात, खांदा, नजर, डावा पाय, सगळं पुस्तकात छापावं असं. कपाट जागचं हललं नाही. उलट अदबीने विचारतं, सर, दुखत तर नाही ना?

शनिवारनंतर मला लोकांना हेच दाखवायचं होतं, की हे चालत नाही. दाखवून झालं, म्हणून मी त्याला दोनदा थोपटलं. त्याला वाटलं, शाबासकी दिली. त्याने आणखी आवळलं. मी पुन्हा थोपटलं, तो आणखी खूश. माझा तोल गेला, खुबा कळवळला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात दारातून तुझी बहीण ओरडली, अरे सोड त्यांना! इतक्या जोरात, की कपाटाने तर सोडलंच, पण पलीकडे एकाने हातातला ट्रेही सोडला. पडता पडता मला मागून तिनेच धरलं.

बाळा, आयुष्यभर मी समजत होतो की थोपटलं की सोडतात. ते फक्त आपल्या खोलीत. आपली सगळी विद्या समोरच्याच्या सभ्यपणावर उभी आहे, आणि मी ती देऊन त्या बाईला असभ्य माणसासमोर पाठवलं.

म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं की मी चुकीचं शिकवलं. मग तुझ्या बहिणीने वर्ग घेतला. दार आपल्या पाठीशी ठेवायचं, बेंबीच्या देठापासून ओरडायचं, आणि पळायचं. ओरडायचा सराव इतका झाला की वरच्या मजल्यावरून डॉक्टर धावत आले. निघताना ती नर्स जवळ आली. काय बोलेल याची भीती वाटत होती. तिने एवढंच विचारलं, सर, माझा डावा पाय बरोबर होता ना? मी म्हटलं, अगदी बरोबर होता.

दंतवैद्य घरी येऊन रडून गेला. त्याला म्हटलं, तू पडतोस फार छान, पण यापुढे मी तुझ्याकडून दात काढून घेणार नाही. दुखणार नाही म्हणालास तर विश्वास कसा ठेवू? वर्ग चालूच आहे. आता मी खुर्चीवर बसून सांगतो आणि ते एकमेकांना खरंच धरतात. फारच कमी लोक पडतात. दिसायला वाईट दिसतं.

तुझी बहीण अजून माझ्याकडे सरळ बघत नाही. काल औषधाची बाटली तिच्यापुढे सरकवली. तिने झाकण उघडून परत सरकवली. मीच म्हटलं, झाकणं हल्ली चांगली बनवतात. तेव्हा हसली.

सुट्टीत ये. माझा हात धर, मी वळवून बघेन. पडायचं की उभं राहायचं, ते घरून ठरवून येऊ नकोस.

लोभ धरला आहेस तो घट्ट धर. थोपटल्याशिवाय सोडू नकोस.
तुझा,
बाबा