उष्णतेची जबाबदारी माझी

२ मार्च
ताईचा फोन आला तेव्हा दाढी करत होतो. उरलेली अर्धी तशीच ठेवली, कारण विषय महत्त्वाचा निघाला. भाचीला, म्हणजे आमच्या चिमणीला, कॉम्प्युटरसाठी नवीन ग्राफिक्स कार्ड हवंय. ॲनिमेशनचं शेवटचं वर्ष. कॉलेजातल्या मशिनवर नंबर लागत नाही आणि घरचा जुना कॉम्प्युटर एक चित्र पूर्ण करेपर्यंत माणूस जेवून वामकुक्षी काढून येतो. भाऊजींनी एक मध्यम कार्ड बघून ठेवलंय, पण ताई म्हणाली, एकदा तुला विचारावं.

एकदा मला विचारावं. किती दिवसांनी हे वाक्य ऐकलं.

ही म्हणाली, तुम्हाला त्यातलं काय कळतं? ऑफिससाठी एकगठ्ठा कॉम्प्युटर कोणी घेतले, याची मी आठवण करून दिली. ही म्हणाली, साहेबांनी घेतले, तुम्ही खोकी मोजलीत. वाद घातला नाही. दाढीचा साबण वाळला होता.

४ मार्च
अभ्यास चालू. कार्ड तीन प्रकारची: लहान, मध्यम, मोठं. तपासायच्या गोष्टी चार: वेग, वीज, उष्णता, किंमत. चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात खरेदी विभागात एवढी वर्षं काढलीत, तुलना कशी करायची हे मला कोणी शिकवायला नको.

वेग: मोठं मध्यमच्या दीडपट. वीज: मोठं कार्ड एकटं जवळजवळ निम्म्या इस्त्रीएवढी खातं. उष्णता: दुकानदाराला विचारलं. तो हसून म्हणाला, थंडीत खोलीत हीटर लागणार नाही. म्हणजे एकात दोन कामं. किंमत: ती सांगण्याआधी त्याने मला खुर्ची दिली.

निर्णय: मोठं. घ्यायचं तर दांडगं घ्यावं, पुन्हा दोन वर्षांनी रडत बसायला नको.

संध्याकाळी भाऊजींना फोन केला. त्यांचं औषधाचं दुकान आहे. तोलूनमापून बोलतात, गोळ्या मोजल्यासारखे. किंमत दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, तापणार नाही ना फार? चिमणीची खोली लहान आहे. मी म्हणालो, “भाऊजी, उष्णतेची जबाबदारी माझी.”

वाक्य छान जमलं. ऑफिसात दोघांना सांगितलं.

९ मार्च
कार्ड काल ताईकडे पोचलं. बसवायला मी जाणार होतो, पण नेमकं ऑडिट आलं. भाऊजी म्हणाले, आम्ही बघतो. आज संध्याकाळी विचारलं, तर म्हणाले, झालं काम. दोनच शब्द. माणूस भारावला की कमी बोलतो.

आज फार बरं वाटतंय. ताईने लहानपणी माझे डबे भरले, मला बोट धरून शाळेत नेलं, गणिताच्या पेपरला परीक्षागृहाच्या दारापर्यंत आली. तिच्या घरात आता माझ्या सल्ल्याची एक वस्तू चालते आहे.

संकल्प: आठवड्यातून एकदा फोन करून कार्डाची विचारपूस करणे.

१२ मार्च
डबा खाता खाता सहज नेटवर बघत होतो. एकाने मोठ्या कार्डाचा फोटो टाकलाय. वीज देणारी वायर जिथे खुपसतात तो प्लग एका बाजूने काळा पडून वितळलेला. जिभेसारखा लोंबत होता. खाली लिहिलंय, वायर पूर्ण आत बसली नाही तर असं होतं, आणि बसली आहे की नाही हे वरून कळत नाही.

त्याखालच्या प्रतिक्रिया वाचल्या. सगळ्या. नंतर डब्यातलं काही गेलं नाही.

घाबरलेलो नाही. ही फक्त माहिती आहे. जगात लाखो प्लग आहेत. एकाचा फोटो आला म्हणून कोणी धाबं दणाणून घेऊ नये.

चिमणीच्या पलंगाच्या उशाला कॉम्प्युटरचं टेबल आहे. टेबल तिथे ठेवा असं मागे मीच सांगितलं होतं. भिंतीतलं बटण जवळ पडतं म्हणून.

१३ मार्च
ताईकडे जाऊन आलो. ऑफिसवरून वाटेतच आहे. (वाट उलट दिशेला आहे, आणि बस बदलावी लागते.) कारण: मागे नेलेली छत्री परत करणे. ताई म्हणाली, छत्री माझी नाही, तुझीच आहे. म्हटलं, मग राहू दे तुझ्याकडे.

ती चहा टाकायला गेली तेवढ्यात चिमणीच्या खोलीत शिरलो. चिमणी कॉलेजला. कॉम्प्युटर बंद. त्याच्या पत्र्याच्या कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि झटकन काढला. गरम. बंद असून गरम. खिडकीतून ऊनही त्यावर पडत होतं, ते मान्य आहे, पण उन्हाची ऊब वेगळी असते. ही आतून येत होती. हाताला कळतं.

वास घेतला. जळका वास नाही. म्हणजे थोडासा होता. तो टोस्टचा असावा.

ताईने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? म्हटलं, तुझ्या घरी ठीक आहे ना? बघतच राहिली.

१५ मार्च
कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनला गाठलं. सांगितलं, माझ्या एका मित्राची अडचण आहे. त्याने व्हिडिओ बघणं थांबवून सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, वास यायला लागल्यावर किती वेळ असतो हातात? तो म्हणाला, मित्राला सांगा, वास आला म्हणजे उशीर झालेला असतो.

घरी आल्यावर हिला म्हणालो, ताईकडे पलंगाची दिशा बदलायला हवी, वाऱ्याच्या दृष्टीने. ही माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, जेवून घ्या आधी.

खरं सांगायचं तर सरळ फोन उचलून “कार्ड बंद ठेवा” एवढंच म्हणायचं आहे. पण मग भाऊजी विचारतील, का? आणि मला म्हणावं लागेल की... ते योग्य ठरणार नाही. अर्धवट माहितीवर कोणाला घाबरवू नये. आधी मोजमाप, मग बोलणं.

१७ मार्च
मोजमापाची बॅग: घरातला ताप बघायचा थर्मामीटर.

ताईकडे पोचलो तर चिमणीही घरी. ती म्हणाली, मामा, तुला एक सांगायचं होतं. ताईने तिला लगेच दुकानात भाऊजींचा डबा द्यायला पाठवलं. बरंच झालं. मी खोलीत जाऊन थर्मामीटर कॅबिनेटच्या मागच्या जाळीत घातला. तोच ताई दारात.

काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, ताप बघत होतो माझा. तिने थर्मामीटर हातातून घेतला, पाहिला. चिमणी आत्ताच कॉम्प्युटरवरून उठली होती, त्यामुळे आकडा चांगलाच चढलेला. ताईचा चेहरा उतरला. दोन मिनिटांत मी चिमणीच्या पलंगावर आडवा, अंगावर दोन पांघरुणं, कपाळावर ओली घडी.

आणि उशाला ते.

आतला पंखा घुर्र करत होता. चालूच ठेवलेला. एकेकदा आवाज वाढायचा आणि मी पांघरुणाची कड घट्ट धरायचो. डोक्यापासून वीतभर अंतरावर पत्र्याच्या पलीकडे तो प्लग. पूर्ण आत बसलाय की नाही, वरून कळत नाही. मी डोळे मिटून खोलीचा नकाशा मनात काढला. दार डावीकडे. खिडकीला गज. पांघरूण फेकायचं, आधी ताईला ओढायचं, मग... मग पुढचं सुचेना. ताई शेजारी बसून माझे पाय चेपत होती. तिला काहीच माहीत नाही या विचाराने डोळ्यांत पाणी आलं.

घामाने भिजलो. ताई म्हणाली, चला, ताप उतरला.

२० मार्च
दुपारी खरेदी विभागाच्या खिडकीतून अग्निशमनाची गाडी जाताना दिसली. घंटा वाजवत, ताईच्या घराच्या दिशेने.

पुढचं नीट आठवत नाही. जिना उतरलो, टॅक्सी केली. ताईला फोन लावला, ती उचलेना. पुन्हा लावला. घाईघाईत एकदा माझाच नंबर लावला. टॅक्सीवाल्याने विचारलं, हॉस्पिटलात जायचंय का? म्हटलं, माहीत नाही अजून.

वाटेत एकच गोष्ट डोक्यात. भाऊजींनी मध्यम निवडलं होतं. त्यांनी विचारलंही होतं, तापणार नाही ना? आणि मी एक छान जमलेलं वाक्य म्हटलं.

ताईची इमारत होती तशीच होती. गाडी पुढच्या चौकात, कुठल्यातरी गोदामाच्या कचऱ्याला लागलेली आग विझवत होती. ताई गॅलरीत पडदे वाळत घालत होती, फोन आत चार्जिंगला. मी खाली रस्त्यावर उभा राहून तिच्याकडे बघत राहिलो. तिने वरून विचारलं, काय रे? शेवटी म्हटलं, छत्री न्यायला आलो. आकाशात ढगाचा पत्ता नव्हता. तिने दोरीला बांधून छत्री खाली सोडली.

संकल्प: चोवीस तारखेला चिमणीचा वाढदिवस. त्या दिवशी सोक्षमोक्ष. पण कोणाला न घाबरवता, शांतपणे.

२४ मार्च
सकाळी अग्निशामक सिलिंडर घेतला. लाल, मधल्या आकाराचा. हिने विचारलं, हे वाढदिवसाला? म्हटलं, मुलीला उपयोगी वस्तू द्यावी. रंगीत कागदात गुंडाळला, पण त्याचा आकार काही लपत नाही.

संध्याकाळी सगळे जमलेले. चिमणीने कागद फाडला. भाऊजी कपातल्या चहाकडे बघत राहिले. चिमणी म्हणाली, थँक्यू मामा, आणि त्याची पिन ओढायला लागली. मी ओरडलो. मग ते सगळं आपोआप बाहेर पडलं. तो फोटो, प्लग, वायर, उशाला टेबल, इलेक्ट्रिशियन. थर्मामीटरसुद्धा. शेवटी भाऊजींना हात जोडून म्हणालो, “ते कार्ड आजच्या आज काढा. मी नवीन घेऊन देतो, लहान घेऊन देतो, पण त्या खोलीत मुलीला झोपवू नका.”

चिमणीने ताईकडे पाहिलं, ताईने मान डोलावली.

चिमणी म्हणाली, “मामा, ते कार्ड आपल्याकडे नाहीच.”

कॅबिनेटमध्ये मावलंच नाही. चार बोटं जास्त लांब. झाकण काढून, तिरकं करून, सगळं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी दुकानात जाऊन बदलून आणलं. लहान. मध्यमही मावणार नव्हतं. लहानाला वेगळी वायरच लागत नाही. त्याच्यावर चिमणीची चित्रं व्यवस्थित होतात आणि खोली गार राहते. त्या दिवशीचं “झालं काम” हे हेच.

म्हणजे गेले दोन आठवडे मी ज्याला हात लावून दचकत होतो ते तिथे नव्हतंच. लांबी हा मुद्दा माझ्या चारांत बसत नव्हता.

हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीबाहेर बघत होती. हिलाही माहीत होतं.

ताईला विचारलं, मला का नाही सांगितलंस? मला वाटलं ती म्हणेल, तुला वाईट वाटेल म्हणून. ते मी सहन केलं असतं. ती कप गोळा करत होती. म्हणाली, “सांगणारच होते. पण तू यायला लागलास. वर्षातून दोनदा तोंड दाखवणारा तू, एका आठवड्यात तीनदा आलास. म्हटलं, सांगितलं तर बंद होईल.”

भाऊजींनी माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला. मी प्यायलो. फार गरम होता, पण बोललो नाही.

२६ मार्च
दोन दिवस शांतपणे विचार केला. निष्कर्ष: लहान कार्डाबद्दल माझं मत मुळात प्रतिकूल नव्हतं. मोठ्या कार्डाची शिफारस मी केली नसती तर लहान इतक्या चटकन सापडलं नसतं. त्या दृष्टीने सल्ला योग्यच.

चिमणीने सिलिंडर दाराला लावून ठेवलाय, वाऱ्याने आपटू नये म्हणून. भिंतीवर टांगायचा असतो. जाऊ दे.

ताईकडे जायला आता काही कारण उरलेलं नाही. आठवड्याचे दोन तास वाचले. ते इंग्रजी सुधारण्यात घालवायचे असं ठरवलं.

संध्याकाळी ६
ऑफिसातून निघालो आणि चुकून उलट्या दिशेची बस पकडली. लक्षात आलं तेव्हा दुसरी बसही बदलून झाली होती. आता आलोच आहे तर म्हणून ताईची बेल वाजवली. तिने दार उघडलं. म्हणाली, काय विसरलास?

मी पुष्कळ आठवून पाहिलं. छत्री घरी. थर्मामीटर घरी. काही सुचेना. म्हटलं, “काही नाही.”

“मग बस,” म्हणाली.

बसलो.