भाऊबीजेचं पिल्लू

हुमनाबाद,
बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५

ती. रेणुका अक्का,

सुनीलचा नमस्कार. आम्ही इकडं बरे हाव. दाजींचा गुडघा कसा हाय? ज्योतीचं कॉलेज सुरू झालं का? हे पत्र तीच तुला वाचून दाखवायली असंल.

तुझी भावजय रोज विचारायलीय, अक्काला फोन कामून करंना झालास? धाब्यावर गर्दी हाय म्हणून सांगतो. गर्दी कशाची अक्का, गल्ल्यावर बसून माशा मारायलोय.

तुझी भुरी कुत्री गेल्याचं कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई. आधी तुऱ्या गेला, मग ती. तू फोनवर रडत म्हणालीस, "माझी लेक गेली रं. तू आणलेलं पिल्लू तेवढं वाचलं, देवानं राखलं." मी 'व्हय' म्हणालो आन् फोन ठेवला.

अक्का, ते पिल्लू आजारी होतं. मी आणलं तवाच आजारी होतं.

हैदराबादकडचा एक लॉरीवाला तीन पिल्लं धाब्यामागं सोडून गेला होता. दोन झटके येऊन मेली. तोंडाला फेस, जबडा कटकट वाजायचा. तिसऱ्याच्या डोळ्यात नुसती चिपडं होती आन् नाक गळायचं. जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, "हा डिस्टेंपर आहे. माणसाला काही होत नाही, पण कुत्र्याला कुत्र्याच्या श्वासातून, लाळेतून लागतो. बरं दिसलं तरी दोन-तीन महिने याला दुसऱ्या कुत्र्याजवळ नेऊ नका." इतकं नीट सांगितलं होतं त्यानं. मी या कानानं ऐकलं आन् त्या कानानं सोडलं.

मग आणलं कामून? आपल्या मेंढरंवाल्यांत भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या ओटीत कुत्र्याचं पिल्लू घालतो. अप्पा आत्याला घालायचे. मी मेंढरं सोडून धाब्यावर बसलो तवापासून तुला बाजारची साडी आणतो, आन् दाजी दरसाली हसतात, "मेव्हणे शेठ झाले, आता पिल्लू कुठलं आणतेत." चेष्टाच ती, पण मला झोंबायची. यंदा म्हणलं, दाखवतोच. उंच पायांचं, लांब तोंडाचं, तुमच्या गावात कुणाकडं नसंल असं. बसवकल्याणच्या स्टँडवर उमरग्याची बस लागली तवा मी ओल्या रुमालानं त्याचे डोळे पुसले, चिपडं दिसू नयेत म्हणून. उतरल्यावर परत पुसले. राज्य बदललं तरी वाटंत कुणी काही विचारलं न्हाई. कुत्र्याच्या पिल्लाला कोण विचारतंय.

मग तू ताटात दूध-भाकरी कुस्करलीस. जुन्या कुत्र्यांसंगं एका ताटात खाल्ल्याबिगर नवं पिल्लू कळपाचं होत न्हाई, हे मला का ठाव न्हाई? तुऱ्या गुरगुरला. भुरीनं आधी पिल्लाचं तोंड चाटलं, मग ताटात तोंड घातलं. तुम्ही सगळे हसलात, मीबी हसलो. "अक्का, थांब" एवढं बोललो असतो तर दोघं आज मेंढरांभोवती फिरत असती. त्यांच्यामागं लांडग्यानं कोकरं नेली, तेबी माझ्याच माथी.

इथवर लिहिणं सोपं होतं.

तू विचारलंस, "झटके येऊन मेली, कुणी इख घातलं असंल का रं?" तुझ्या मनात कुणाचंबी नाव नव्हतं. शेजारच्या गंगव्वाचं नाव मी घेतलं. म्हणालो, "तुऱ्यानं तिची कोंबडी धरली होती न्हवं? बघ बाई, जवळचंच माणूस असतंय." झटके कशाचे ते मला पक्कं ठाव होतं. फक्त माझ्या अंगावर येऊ नये, एवढंच बघितलं. एकटी बाई, तिच्या बाजूनं बोलणारं कुणी न्हाई, म्हणून तिचं नाव तोंडात आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी.

काल दाजींचा फोन आला. रविवारी सगळे देवळापुढं बसणार, गंगव्वाच्या शेळ्या कळपात घ्यायच्या न्हाईत, तिच्या दारात कुणी जायचं न्हाई, असं ठरवणार. म्हणाले, "ती शपथा घ्यायलीय, पण कोण ऐकतंय." मी तवाबी 'बरं' म्हणालो आन् फोन ठेवला. मला माझीच किळस आली अक्का. तुझं बाळंतपण त्या बाईनं केलं. ज्योतीला पहिली आंघोळ तिनं घातली.

पिल्लाला मारू नका, त्याचा काय गुन्हा. त्याला लांब बांधा, त्याचं ताट वेगळं ठेवा, कुणालाबी देऊ नका. गावातल्या बाकीच्या कुत्र्यांना लगोलग लस टोचून घ्या.

रविवारी मी यायलोय. पण माझ्या तोंडाचा मलाच भरवसा न्हाई. दाजींपुढं उभा राहिलो की काहीबाही बोलून सुटायला बघंन. म्हणून हे पत्र गुरुशांतप्पा कंडक्टरच्या हाती पुढं धाडायलोय. आता मला मागं फिरायला वाट न्हाई.

ज्योती, हे देवळापुढं मोठ्यानं वाच. गंगव्वाला पुढं बसव. मामा हाय म्हणून एक अक्षर गाळू नको. मी तिथंच खाली मान घालून बसलेला असंन.

अक्का, पुढच्या दिवाळीला मला ओवाळशील का, हे विचारायचं तोंड आज मला न्हाई. आधी गंगव्वाचा न्याय होऊ दे.

गंगव्वाचा गुन्हेगार,
तुझा धाकटा,
सुनीलकुमार