कापसाच्या खोलीतला नाच

॥ श्री ॥
तलवाडा, ता. गेवराई
९ एप्रिल २०२५

ती. वनमालाआत्यास,
प्रियदर्शनीचा शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पोरगी पत्र कावून लिहिते म्हणून हसू नको. आपल्या घरात फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात, आणि स्पीकरसमोर आबा बसलेले असतात. आणि ही गोष्ट आबांच्या कानावर जाऊन चालणार नाही.

पुण्याच्या नृत्यविद्यालयाची निवड चाचणी मेअखेरीस आहे. तुझ्या लाडक्या भावाने, म्हणजे माझ्या पप्पांनी, अट घातलीये. एकदाच जायचं. नाव लागलं तर शिकायचं, नाही लागलं तर मुकाट्याने अंबाजोगाईला तुझ्याकडे राहून नर्सिंग करायचं. आणि तोवर आबांसमोर नाच हा शब्द काढायचा नाही. माजी सरपंच सुंदररावांची नात नाचते म्हटल्यावर ओट्यावरची माणसं काय म्हणतील, याची पप्पांना आबांपेक्षा जास्त धास्ती. आबांना एवढंच ठाऊक आहे की प्रियूची पुण्याला कसली तरी परीक्षा आहे.

आता सराव करायचा कुठे? शेवटी संक्रांतीच्या सुमारास जागा सापडली. भाव वाढायची वाट बघत आबांनी पुढच्या खोलीत छातीएवढा कापूस भरून ठेवलाय. दार लावायचं, कापसावर चढायचं, मोबाईल खिडकीत टेकवायचा, इयरफोनचा जो एक कान चालतो तो घालायचा आणि कथकचे धडे सुरू. शिकवणारं कुणी नाही, रागावणारंही कुणी नाही. पडलं तरी लागत नाही आणि आवाज तर शून्य! आबा बाहेर चहा पीत बसलेले असतात आणि मी आत गिरक्या घेते.

संकट एकच. कापसाची खाज. नमस्काराची मुद्रा करता करता हात आपोआप पाठीकडे जातो.

लोभ असू दे, आणि जमलं तर खाजेचं मलम पोस्टानेच पाठव.

तुझी,
प्रियू

*

अंबाजोगाई
१७ एप्रिल २०२५

चि. प्रियदर्शनीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मलम पाठवलंय. ते अंगाला लाव, मोबाईलला नको. तुझा काही भरवसा नाही.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग एकदम घाम फुटला. अगं ए शहाणे, मी काही नाचणारी नाही, पण आयुष्यभर शाळेत सव्वीस जानेवारीचे नाच बसवलेत. कथक म्हणजे पायाचं काम. परीक्षक आधी तुझा पाय ऐकतील, मग तोंडाकडे बघतील. तुझा पाय वाजतो कसा, हे तू एकदा तरी ऐकलंयस का? कापसावर कुणाचा पाय वाजला आहे आजवर? तू महिनोन्‌महिने मुक्याने नाचतेयस, बाई!

ताबडतोब कापसावरून उतर. शेतात जा, देवळामागे जा, कुठेही जा, पण टणक जमिनीवर उभी राहा.

इकडे मी ठीक आहे. पोरं नोकरीपायी लांब, त्यामुळे घर लई मोठं वाटतं. तुझ्यासाठी म्हणून मागची खोली रंगवून घेतलीये, फिकट पिवळी. म्हणजे, लागली तर असावी. नापास हो असं मी म्हणत नाही हं.

आईला सांग, काळजी करू नकोस. माया आहेच, तिला पत्राचं खतपाणी घालत राहा.

तुझी,
आत्या

*

तलवाडा
१६ मे २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पिवळी खोली तयार ठेव. सगळं उघडं पडलंय.

तुझं पत्र वाचून मी शेतात गेले, तर आजूबाजूच्या सगळ्या बाया भेंडी तोडायची सोडून माझ्याकडेच बघायला लागल्या. देवळामागे गेले तर तिथे पत्त्यांचा डाव. पुन्हा आले ती कापसावरच. तेवढ्यात भाव चढला आणि आबांनी कापूस विकायला काढला. बजरंगचा टेंपो दारात आला. कापूस मावेना. तुडवायला गडी कमी पडले, म्हणून मीच वर चढले आणि सवयीने पाय चालू झाले. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत, मनातल्या मनात. एका कडेने कापूस बसत गेला. बजरंग म्हणाला, इतका एकसारखा कापूस त्याच्या टेंपोत आजवर कुणी दाबला नव्हता. आबा खूश! ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की बघा आमच्या पोरीचे पाय, दोन गड्यांना भारी आहेत.

दुसऱ्या दिवशी खोली रिकामी. नुसती शहाबादी फरशी. तुझं ऐकून दार लावलं आणि पहिला पाय मारला. आत्या, खोली अशी घुमली की मीच दचकले! मला वाटलं, मागे दुसरं कुणी आहे. पण मग इतका आनंद झाला म्हणून सांगू! स्वतःचा पाय पहिल्यांदा ऐकला. थांबायचं सुचलंच नाही.

थांबले तेव्हा दारात आबा. मागे ओट्यावरची माणसं माना वर करून बघतायत. लपायला कापूसही नाही. त्यांनी विचारलं हे काय चाललंय. मी सगळं सांगून टाकलं, परीक्षा कसली ते पण. ते माझ्या पायांकडे बघत राहिले. मग विचारलं, टेंपोत हेच चाललं होतं का? मी हो म्हणाले. काठी उचलून निघून गेले.

तेव्हापासून बोलत नाहीत. पप्पा त्यांच्यापुढे जात नाहीत. पुण्याचं तिकीट काढायचं की नाही, कुणी सांगेना. मला खूप रडू येतंय, आत्या. एक शब्द तरी बोलावं त्यांनी.

आशीर्वाद असू दे, तूर्तास तेवढाच आधार आहे.

प्रियू

*

अंबाजोगाई
१९ मे २०२५

चि. प्रियूस अनेक उत्तम आशीर्वाद.

डोळे पूस. ते तुझे आजोबा नंतर, माझे वडील आधी. नाही म्हणायचं असलं की आबांचा आवाज उमापूरपर्यंत जातो. ज्या अर्थी गप्प आहेत, त्या अर्थी नाही म्हटलेलं नाही. तिकीट काढ.

आणि खरं सांगते, तुझं पत्र वाचून माझ्या मनात आधी आलं, की बरं झालं, पोरगी आता इकडेच येते. खिडकीला पडदे शिवायला टाकणार होते. मग माझीच मला लाज वाटली. पडद्यांचं कापड ठेवून दिलंय. तू फरशीवर पाय मार, अगदी तळवे लाल होईपर्यंत. बाहेर ऐकू गेलं तर जाऊ दे, आता राहिलंय काय लपवायचं?

निकाल लागला की मात्र आधी मला कळव, लोभाचं नंतर बघू.

तुझी,
आत्या

*

तलवाडा
२ जून २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

जाऊन आले! आणि सोबत कोण, सांग? आबा! निघायच्या सकाळी धोतर-फेटा चढवून एसटीच्या थांब्यावर आधीच उभे. पुण्यापर्यंत बोलले ते एवढंच, की खिडकीतून हात बाहेर काढू नको.

लाकडी फरशी होती. पाय छान वाजत होते, पण मध्येच माझे बोल चुकले आणि मी थांबले. वाटलं, संपलं. परीक्षक बाईंनी शांतपणे सांगितलं, आता घरचं एखादं काम नाचून दाखव. दुसरं काय येतं मला? टेंपो भरला. कापूस तुडवला, वरून जाळी ओढली, आणि मधेमधे इतकी खाजवले की परीक्षक खो खो हसायला लागले. मग पायही आपोआप सुरू झाले आणि या वेळी कुठेच अडले नाहीत. हसले म्हणजे चांगलं की वाईट, कळत नाही. बाहेर आले तर आबा दाराला कान लावून बसलेले. मला उसाचा रस दोन ग्लास पाजला.

निकाल यायचाय. तोवर तुझा लोभ आणि माझा धीर, दोन्ही टिकावेत.

प्रियू

*

तलवाडा
१४ जून २०२५

चि. वनमालास सुंदररावचा आशीर्वाद.

पोरीचं नाव लागलं. ती लिहिणारच होती, म्या म्हणलं, मी लिहितो.

मी बोललो कावून न्हाई, हे तुमी समदे एकमेकाला इचारता, मला सोडून. मी रागात नव्हतो. टेंपोवर तिचे पाय चालले तवा चार माणसांत म्याच तिचं कौतुक केलतं. तेच पाय दुसऱ्या दिवशी घरात वाजले. आता शिव्या द्याव्या तर कोण्या तोंडानं, हे उमजंना, म्हणून गप होतो. लई दिस उमजलं न्हाई. मग म्हणलं, आपुन सोबत जावं अन् ऐकावं. दाराआडून ऐकलं. मधी थांबली तवा माझाच जीव गेलता. पुन्हा सुरू झाली, अन् मला कळलं, हे आमच्याच पोरीचे पाय हायत.

ओट्यावर रामकिसननं खवचटपणानं इचारलं, सरपंच, नात नाचायला चालली म्हणं. म्या म्हणलं, चालली. पेढा घे.

तू खोली रंगवलीस, पडद्याचं कापड बी आणलंस, असं पोरीकडनं कळलं. ती रिकामी ठिवू नको. गुडघे दाखवायला तिकडच्या मोठ्या दवाखान्यात यायचंच हाय, महिनाभर मीच राहतो. पडदे शिवून घे, सकाळचं ऊन मला सोसत न्हाई.

अन् तुझ्या भावाला, तानाजीला बजावलंय. औंदाचा कापूस पडवीत ठिवायचा, पुढच्या खोलीत बोंडसुद्धा न्यायचं न्हाई. पोरगी दिवाळीला येईल, तिला पाय वाजवायला फरशी मोकळी पायजे.

बाकी भेटीत. लोभ हाय, तो तोंडानं सांगायला जमंना म्हणून लिहिला.

तुझा,
आबा