दादाचं बत्तीस

९ जानेवारी

नवी व्हीलचेअर आली. जुनीला भरीव रबर होतं, हिच्या चाकांत हवा भरावी लागते. झालं! दादाला काम मिळालं. पंप घेऊन आला आणि हवा भरली बत्तीस पौंड. का? तर त्याच्या मोटारीत बत्तीस असते! "अख्ख्या मोटारीला पुरते ती तुझ्या खुर्चीला पुरणार नाही होय?" मी म्हटलं, टायरवर काहीतरी आकडा आहे, तो बघ. "ते काहीही लिहितात."

वहिनी म्हणे, "यांना गाड्यांतलं कळतं हो." कळतं! कपाळ!

१२ जानेवारी

गल्लीच्या टोकापर्यंत गेले, दंडांचा पार भुगा. चिखलातून खुर्ची रेटल्यासारखं वाटत होतं. दादा म्हणतो, "सवय गेलीय तुझी. बस थोडे दिवस घरात." मोठा शहाणा लागून गेला!

१७ जानेवारी

पडले.

खुर्चीतून मोटारीत बसत होते. दोन्ही ब्रेक लावलेले – माझ्या हातांनी, नीट. अंग उचललं आणि खुर्ची सरकली मागे. धाडकन रस्त्यावर! कोपर सोललं, माकडहाड ठणकतंय. दादा धावत आला, चेहरा पांढराफटक. आणि तोंड उघडून म्हणाला काय – "ब्रेक नीट लावला नसशील."

मी! वा रे वा!

१८ जानेवारी

टायर अंगठ्याने दाबला. पावासारखा आत गेला. या खुर्चीचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारी लोखंडी दांडी. टायरच लिबलिबीत, तर ती दाबणार काय? गटाराच्या कडेवर आपटून रिमलाही पोचा आलाय. मग भिंग घेऊन टायरवरचा आकडा वाचला – जास्तीत जास्त पंच्याहत्तर. आणि यांचं बत्तीस! म्हणे गाड्यांतलं कळतं.

२१ जानेवारी

सायकलवाल्याकडून पुरती पंच्याहत्तर भरून घेतली. ब्रेक असा बसला की खुर्ची जागची हलेना. पण रस्त्याच्या फरशांवरून जाताना दात वाजले, पाय आपोआप थडथडायला लागले. जास्तीत जास्त म्हणजे तेवढीच भरली पाहिजे असं थोडंच आहे! थोडी थोडी सोडत गेले. पासष्टला जमलं – ब्रेक घट्ट, पाठ खूश, खड्ड्यात रिम आपटत नाही.

दादाला जेवताना सगळं ऐकवलं, मीठमसाला लावून. तो मान खाली घालून जेवला. बरं झालं, जिरली एकदाची!

२६ जानेवारी

चाकं पुन्हा मऊ! मोजली, चाळीस. सायकलवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली. एक बुडबुडा नाही. "ताई, पंक्चर नाहीच." मग हवा काय चालत गेली? धंदा करतो की टाइमपास!

२८ जानेवारी

पुन्हा चाळीस. पुन्हा भरली. सायकलवाल्याला चार शब्द सुनावले.

नोकरीसाठी विचारलं होतं त्या चष्म्याच्या दुकानातून फोन – सोमवारपासून कामावर या! दादाचं लगेच सुरू. "दोन चौक ओलांडायचे? एकटीने? या चाकांवर?" चाकांतलं याला काय कळतं!

३० जानेवारी

चहा घ्यायला सोफ्यावर बसले होते. खुर्ची पॅसेजमध्ये. फुस्स आवाज आला. वाकून पाहिलं, तर दादा चाकापाशी उकिडवा बसलेला, व्हॉल्व्हवर नख दाबून.

"काय करतोयस?"

त्याने नख काढलं, व्हॉल्व्हला टोपण लावलं. मग म्हणाला, "तो आकडा मी पहिल्याच दिवशी वाचला होता. चाकं जड असली की तू लांब जात नाहीस."

"आणि मी पडल्यावरही?"

"पडल्यावर तर जास्तच भीती वाटायला लागली गं."

इतके दिवस त्याला मूर्ख समजत होते. तसा असता तर किती सोपं होतं!