खाकी पुठ्ठ्यातले पुस्तक

मी, सुगंधाबाई पितांबर बोरसे, वय एकसष्ट, निवृत्त ग्रंथपाल, राहणार दोंडाईचा, हे मृत्युपत्र धुळ्यात बसून लिहिते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. गावात लिहिले असते तर शाई वाळण्याआधी झुलालनानांच्या ओट्यावर वाचले गेले असते. नाना आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष आहेत.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझी भाची कुंदा हिला द्यावी. तिने आजवर काही मागितले नाही, म्हणून तिच्यावर माझा विश्वास आहे.

२. लोखंडी ट्रंक पुतण्या अभिमन यास द्यावी. कित्येक वर्षे तो इकडे फिरकला नाही. यंदा मात्र सारखा रावेरची केळी घेऊन येतो आणि चहा पिताना ट्रंकेकडे बघतो. त्याला नानांनीच पाठवले, याबद्दल मला शंका नाही. कुलूप तोडू नये, किल्ली देवघरात आहे. आत गोधड्या आहेत.

३. नाना काय शोधतात ते लिहिणे भाग आहे. आमच्याच तालुक्यातल्या एका शिक्षिकेने, विहिरीवर पाणी भरू न दिलेल्या बायकांची कादंबरी लिहिली. त्यातले बायकांना अडवणारे मोठे घर आपलेच, असे कोणीतरी नानांच्या कानात भरवले. १९८४ साली समितीपुढे ते पुस्तक जाळण्याचा ठराव आला. नाना, आधी वाचा तरी, असे मी म्हटले.

"वाचानी काय गरज शे? माले बठ्ठं मालूम शे," नाना म्हणाले.

अध्यक्षांना सगळे ठाऊक आहे म्हटल्यावर बाकीच्यांनी सह्या केल्या. पुस्तक एकानेही उघडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या अंगणात नानांनी स्वतः काडी लावली. जळाले ते कव्हर त्याच पुस्तकाचे होते, आतले कागद रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकांचे. माझे यजमान पुस्तकबांधणी करत. त्यांनी आदल्या रात्री जेवणाआधीच ते काम उरकले होते. मला त्याचा पश्चात्ताप नाही. त्या बाईंनी लिहिलेले जळू द्यायचे असते, तर मी ग्रंथपाल कशाला झाले असते?

४. यजमानांचा पुस्तके दाबायचा शिकंजा, दाभण आणि खळीचे भांडे प्रमिलाबाईंना द्यावे. माझ्या जागी आता त्या काम पाहतात. वाचवलेले पुस्तक कोणते ते त्यांनाही सांगितलेले नाही. बाई गुणाच्या आहेत, पण त्यांना चेहरा लपवता येत नाही.

५. जळाले ते खोटे, हे नानांना यंदा कळले असले, तरी माझ्या घराची झडती घेऊन उपयोग नाही. पुस्तक वाचनालयातच आहे, उघड्या फडताळात, दुसऱ्या नावाने, खाकी पुठ्ठ्यात. एकीने दुसरीला सांगावे, असे करत ते वाचलेही जाते. कोणी घरी नेले ते मी सांगणार नाही. ते ग्रंथपालाने सांगायचे नसते. एवढेच लिहिते की घरी नेणाऱ्यांतले एक नाव ऐकले तर नानांचा घास घशात अडकेल. सगळी खाकी पुस्तके जाळावीत असे मनात आलेच, तर नानांच्या वडिलांनी वाचनालयाला दिलेले ग्रंथही आमच्याच घरी खाकीत बांधले आहेत, हे ध्यानात ठेवावे.

६. वाचनालयाच्या खिडकीजवळची माझी वेताची खुर्ची झुलालनानांना द्यावी. अध्यक्ष असून ते तिथे कधी वाचायला बसले नाहीत. पुस्तक हवे असेल तर आता बसावे लागेल. नावावर जाऊन भागणार नाही, एकेक उघडून आतले वाचावे लागेल. सापडले की शेवटच्या पानापर्यंत जावे. मग खुशाल काडीपेटी मागावी, प्रमिलाबाई देतील.

साक्षीदार मुद्दाम धुळ्याचे घेतले आहेत. त्यांचे नानांशी नाते नाही, याची चौकशी केली आहे. त्यांतले महाले घाईत होते, नुसती सही करून निघत होते. त्यांना बसवून पहिल्या ओळीपासून वाचायला लावले.

ठिकाण : धुळे
दिनांक : १४ नोव्हेंबर १९९१

(सही) सुगंधाबाई पितांबर बोरसे

साक्षीदार :
१. (सही) बेबाबाई शिसोदे, शिक्षिका. पूर्ण वाचले.
२. (सही) नथ्थू महाले, निवृत्त पोस्टमन. पूर्ण वाचले. ती कादंबरी कुठे मिळेल?