सून कुणीकडून सर्व्हिस मारणार?

॥ श्री खंडेराय समर्थ ॥

अणदूर,
आषाढ सरत आला.

श्रीमान धनाजीराव व्याही, मुक्काम नळदुर्ग, यांच्या सेवेशी अणदूरहून बलभीमचा दोन्ही हात जोडून रामराम. (उजवा हात पूर्ण वर येत नाही, म्हणून रामराम जरा तिरपा पोचेल, तो सरळ करून घ्यावा.) आपण, विहीणबाई उमाबाई, गोठ्यातली जनावरं आणि धाब्यावरचा नवा आचारी हे सगळे खुशाल असाल, अशी आशा आहे. आचाऱ्याची चौकशी मुद्दाम केली. मागच्या खेपेला त्यानं शेंगदाण्याच्या आमटीत जे तिखट घातलं होतं, त्यावरून त्याचं आमच्या घराण्याशी काही जुनं वैर असावं, असं आमच्या मंडळींचं मत पडलं. इकडं सगळं क्षेम आहे. सोयाबीन बरं आहे, पाऊस बेताचा आहे. फोन करता आला असता, हे मला कळतं. पण फोनवर तुम्ही "हां, बोला व्याही" म्हणता आणि मी घसा साफ करेपर्यंत "थांबा, लक्झरी लागली" म्हणून ठेवून देता. शिवाय मी जन्मभर पोस्टमास्तरकी केली. असल्या नाजूक विषयात मला कागदच लागतो.

विषय तुम्हाला ठाऊक आहे, तरी दोन्हीकडची समजूत एक असावी म्हणून पुन्हा मांडतो. तुमच्या गावच्या तरुण मंडळानं नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी व्हॉलीबॉलचे सामने ठेवलेत, 'एका घरातले सहा' या नावानं. सहाही खेळाडू एका घरातले पाहिजेत, त्यात घरचा कर्ता माणूस पाहिजे, आणि आळीपाळीनं प्रत्येकानं सर्व्हिस मारायची, म्हणजे रेषेच्या मागं उभं राहून चेंडू जाळीपलीकडं पाठवायचा. घरातला म्हणजे कोण, यावर वाद नकोत म्हणून मंडळानं असंही ठरवलंय की, आदल्या रात्री ज्या घरी जेवला तो त्या घरचा. नियम कुणी केला देव जाणे, पण त्यानं आपल्या दोन घरांत काडी टाकली. कारण आमच्या सूनबाईची, शिवांजलीची ही लग्नानंतरची पहिली पंचमी. रिवाजाप्रमाणं तुम्ही तिला न्यायला मुराळी म्हणून धाकट्या चिरंजीवांना पाठवणार, पंचमीच्या रात्री ती तुमच्या घरी पुरणाची दिंडं खाणार, आणि सकाळी उठून तुमच्या घरची म्हणून आमच्याविरुद्ध मैदानात उतरणार. तुम्ही तिचं नाव दिलंसुद्धा, असं कळलं. व्याही, नाव आम्हीही दिलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, एका पोरीसाठी एवढा कागद कशाला खर्चायचा? त्याचं कारण सांगतो. लग्नात रुखवताच्या टेबलावर शेवयांची झोपडी आणि रव्याच्या लाडवांच्या मध्ये एक व्हॉलीबॉल ठेवला होता, आठवतं? आम्हाला तो शोभेचा वाटला. आमच्या भावजयीनं तर तो कशाचा केलाय म्हणून नखानं टोकरून पाहिला. वैशाखात पोरगी नांदायला आली आणि ज्येष्ठात तिनं खळ्यावर दोन बांबू रोवून जाळी बांधली. (जाळी द्राक्षबागेवरची पाखरांची आहे, पण ताणून बांधली की कळत नाही.) मंडळाचं आवतण आलं तेव्हा तीच म्हणाली, "मामा, सहा माणसं हायेत की घरात. उतरू या." मी, आमची कमलबाई, तुमचे जावई कृष्णराज, माझा धाकटा भाऊ, भावजय आणि ती. मोजायला सहा बरोबर भरतात. खेळायला मात्र त्यात एकच होती, आणि तिनं आम्हा पाचांना शिकवायला घेतलं. धनाजीराव, खरं सांगतो, मी शाळेत अनेक मास्तर पाहिले, पण अशी शिकवणारी पाहिली नाही.

पहिली सर्व्हिस अंडरहँड. ही नवशिक्याची, सगळ्यात सोपी. चेंडू डाव्या तळहातावर कमरेच्या खाली धरायचा, उजवा हात मागून झोक्यासारखा पुढं आणायचा, चेंडू किंचित वर सोडायचा आणि तळहाताच्या बुडानं खालून ठोकायचा. ऐकायला एवढं सोपं आहे की मी हसलो. पण व्याही, अणदूरकराच्या हातून वस्तू वर उडते ती एकाच कारणानं, भंडारा म्हणून. मी चेंडू दोन्ही हातांनी आभाळात उधळला, हळद डोळ्यांत जाऊ नये म्हणून जन्माची सवय आहे तसे डोळे घट्ट मिटले, आणि तोंडातून आपोआप "येळकोट येळकोट" निघालं. चेंडू माझ्याच टाळक्यात पडला. मी एकट्यानं केलं असतं तर वय झालं म्हणून सोडून देता आलं असतं. पण माझ्यामागून भावानं तेच केलं, भावजयीनं तेच केलं, आणि कृष्णराजनं (ज्यानं इंजिनिअरिंग केलंय) वर चेंडूला कपाळही लावलं. शेजारी जागरण-गोंधळ आहे समजून दोन म्हाताऱ्या खळ्यावर येऊन बसल्या. दुसऱ्या कुठल्या गावची सून असती तर पोट धरून हसली असती. ही तुमच्या गावची, तिला सांगावं लागलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मामा, देवाला डोळे मिटून चालतंय. मला न्हाय चालत." मग पुढं कितीतरी दिवस आम्हाला मारायला काही नाहीच, नुसता चेंडू वर सोडायचा आणि उघड्या डोळ्यांनी खाली येताना बघायचा. या वयात मला बघायला शिकवलं तिनं!

ठोकण्याची परवानगी मिळाल्यावर माझा पहिला चेंडू जाळीवरून गेला. जाळीवरून गेला, खळ्यावरून गेला, कुंपणावरून गेला आणि रस्त्यानं चाललेल्या धुळाप्पाच्या टेम्पोत कोथिंबिरीवर जाऊन पडला. धुळाप्पा कोथिंबीर घेऊन कुठं येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको, कारण ती तुमच्याच धाब्यावर उतरते. चेंडूही तिथंच उतरला, असं तो सांगतो. त्याला आता बरेच दिवस झाले. तुमच्याकडची मंडळी त्याच चेंडूनं सराव करतात, असंही तो सांगतो. मी काही म्हणत नाही. रुखवतातला चेंडू परत माहेरी गेला, एवढंच नमूद करतो, म्हणजे सुनेच्या बाबतीत माझी काळजी अगदीच बिनबुडाची नाही, हे लक्षात यावं. (सध्या आम्ही तुळजापूरहून आणलेल्या नव्या चेंडूवर आहोत.)

दुसरी सर्व्हिस डोक्यावरून मारायची, तिला फ्लोटर म्हणतात. या चेंडूला फिरकी नसते, तो हवेत डुलत जातो आणि समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही की हा इकडं पडणार का तिकडं. इथं माझं गाडं अडलं. मी मारायचो आणि हात पार गुडघ्यापर्यंत खाली आणायचो, चेंडू जाळीत. खांद्याची वाट लागली ती इथं. पोरीनं एक दिवस माझ्याकडं टक लावून पाहिलं आणि विचारलं, "मामा, पोस्टात शिक्का कसा मारायचा?" मी मारून दाखवला. "मारल्यावर हात घासत नेत व्हता का?" छे! घासला तर शाई फिसकटते. ठप्पकन मारायचा आणि जागेवर थांबायचा. "मग चेंडूवर बी शिक्काच मारा." धनाजीराव, मनगट ताठ ठेवून मी हवेत एक शिक्का मारला, हात तिथंच थांबवला, आणि चेंडू जाळीवरून असा डुलत गेला की, भाऊ पकडायला डावीकडं धावला आणि चेंडू उजवीकडं पडला. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ मिळाला होता, त्याहून मला या एका शिक्क्याचा आनंद मोठा झाला.

तिसरी टॉपस्पिन. यात तळहात मोकळा ठेवून चेंडूच्या डोक्यावरून मनगट वळवायचं, म्हणजे चेंडू पुढच्या पुढं गिरक्या घेत जातो आणि जाळी ओलांडली की झपकन खाली बसतो. ही आमच्यापैकी एकालाच जमली, आणि ती एक म्हणजे आमची कमलबाई. पदर खोचून आली, भिंतीला गोवरी थापावी तशी थाप मारली आणि चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात पुरला. "ह्यात काय हाय?" म्हणाली आणि चुलीवर भाकरी आहे म्हणून निघून गेली. तेव्हापासून माझ्या घरात माझं स्थान थोडं घसरलंय. (माझी आणखी एक अडचण अशी की, पंचाची शिट्टी झाल्यावर आठ सेकंदांत सर्व्हिस मारावी लागते. मी चष्मा सारखा करून कुलदैवताचं नाव घेईतो आठ सेकंद संपतात. सूनबाईंनी तोडगा काढलाय, नाव शिट्टीच्या आधीच घ्यायचं.)

आणि चौथी, उडी मारून मारायची. ती शिकवायच्या भानगडीत पोरगी पडली नाही, नुसती करून दाखवली. आम्ही पाचही जण खळ्याच्या कडेला बसलो होतो. ती रेषेच्या बरीच मागं गेली, चेंडू पुढं उंच फेकला, चार पावलं धावली आणि वर गेली. वर गेली म्हणजे, व्याही, जरा थांबली तिथं. मला तसं दिसलं, लोक काही म्हणोत. मग एक आवाज आला आणि पलीकडच्या मातीत खड्डा पडला. भावजयीच्या हातातला सुपारीचा अडकित्ता तसाच उघडा राहिला. माझ्या घरात ही पोरगी सकाळी चहा देते, भाजी निवडते, मी 'वाचायचा चष्मा कुठाय' म्हणून ओरडलो की काढून देते. आणि तिच्या अंगात हे आहे! मला अभिमान वाटला, आणि तो कुठं ठेवावा हे कळेना, म्हणून मी उठून म्हशीला पाणी दाखवायला गेलो.

तेव्हा आता मूळ मुद्दा. देवसुद्धा दोन्ही गावांत वाटून राहतो. वर्षातले बरेचसे महिने अणदूरला आणि बाकीचे नळदुर्गला, आणि त्याचा रीतसर करार होतो. खुद्द खंडोबाला जे चालतं ते तुम्हा-आम्हाला चालायला हरकत नसावी. माझी विनंती अशी की मुराळी दोन दिवस उशिरा पाठवावा. पंचमी तिनं इथं करावी, सामना आमच्याकडून खेळावा, आणि मग पौर्णिमेपर्यंत खुशाल माहेरी राहावं. झोका तुम्ही तसाच बांधून ठेवा, दोन दिवसांनी दोर काही कुजत नाही. तिच्यावाचून आम्ही पाच आणि एक रिकामी जागा, म्हणजे नाव काढून घ्यावं लागेल, आणि माझा शिक्का कोरा राहील. विहीणबाईंना आमच्या मंडळींचा नमस्कार. आचाऱ्याला आमच्या वतीनं समज द्यावी.

आपला लोभी,
बलभीम (निवृत्त पोस्टमास्तर, सध्या हंगामी जागेवरून पक्क्या जागेवर आलेला खेळाडू)

ता. क. — पाकिटाला डिंक लावायच्या आत कमलबाईनं पत्र वाचून काढलं. (पोस्टमास्तराच्या घरात टपालाची गुप्तता नसते.) वाचून म्हणाली, "दोघं व्याही पोरीची वढावढ करायलेत. पोरीला कुणी इचारलंय का?" विचारलं नव्हतं. तसाच उठून खळ्यावर गेलो. ती चेंडूत हवा भरत होती. विचारल्यावर पंप थांबवला नाही, वरही पाहिलं नाही. म्हणाली, "मामा, राग धरू नका. मला नळदुर्गाकडूनच उतरायचंय." मग तुमचा विषय काढून म्हणाली, "शाळेपासनं खेळते मी. अप्पांनी मला एकदाबी खेळताना बघितलं न्हाय. गल्ला सोडून येताच येत न्हाय त्यास्नी. त्यांच्याच घरची म्हणून उतरले, तर येतील का हो बघायला?" मी घरात येऊन पुन्हा कागद पुढं ओढला.

दुसरा ता. क. — वरचं सगळं पत्र रद्द समजावं. फाडत नाही, कारण आम्ही काय सोडतोय ते तुम्हाला कळलं पाहिजे. तिच्या जागी कृष्णराजची दुसरी चुलती बार्शीहून येऊन उभी राहील, आदल्या रात्री जेवायला बोलावलंय. आता माझी खरी मागणी ऐका. तुमच्या सहांत कर्ता म्हणून तुम्ही भावाचं नाव दिलंय आणि स्वतः धाब्यावर बसणार आहात, हे मला धुळाप्पानं सांगितलंय. ते नाव काढा, तुमचं घाला. मुराळी म्हणून पोराला पाठवू नका, तुम्ही स्वतः या, आणि चार दिवस आधी या. गल्ला उमाबाई सांभाळतील, तुमच्याहून चांगला सांभाळतील. खळ्यावर मी तुम्हाला अंडरहँड शिकवतो. तेवढीच शिकवीन. फ्लोटर शिकवणार नाही, कारण सामना आम्हाला जिंकायचाय. चपला नकोत, बूट आणा. आणि आमचा चेंडूही घेऊन या.

शेवटचा ता. क. — एक राहिलं. आपल्यातला माणूस सर्व्हिस मारत असला की, आपण पुढं उभं राहून जाळीकडं तोंड करायचं, मागं बघायचं नाही, अशी या खेळात शिस्त आहे. ही शिस्त शिवांजलीनं आम्हाला ओरडून ओरडून लावली. तुम्ही ती मोडा. तिची पाळी आली की सरळ मागं वळा. चेंडू कुठं पडला ते बाकीचे सांगतील, तुम्ही पोरीकडं बघा.