चौदा आणि एकोणीस नंबरच्या बाटल्या

मी दिगंबर पुंजाराम फडोळ, घरचे आणि गल्लीतले ज्याला बंटी म्हणतात तो, वय तेवीस, धंदा गाड्यांच्या नंबरप्लेटवर रेडियम कापण्याचा, राहणार मखमलाबाद, जिल्हा नाशिक, आज डोकं ठिकाणावर असताना, कोणाचा धाक नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही, अशा स्थितीत माझ्या मागे माझ्या वस्तूंचं आणि माझ्या भांडणांचं काय करायचं ते लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे याबद्दल आमच्या नानांना शंका आहे, पण ती त्यांना मी कॉलेज सोडलं तेव्हापासूनच आहे. अक्षर वाकडं आहे ते बोटांमुळे. पेनला टेप गुंडाळून जाड केलंय, तेव्हा कुठे धरता येतंय.

लिहिण्याचं कारण असं. मला पंधराव्या वर्षापासून संधिवात आहे, म्हाताऱ्यांचा नाही, दुसरा. डॉक्टर म्हणतात यात शरीराला आपलं कोण आणि परकं कोण हे कळेनासं होतं, आणि ते स्वतःचेच सांधे खायला लागतं. आता मानेचे वरचे दोन मणके सैल झालेत. सोमवारी मुंबईला ऑपरेशन आहे. संमतीच्या कागदावर "मृत्यू" हा शब्द "घसा बसणे" याच्याही आधी छापलाय. मी तो कागद पूर्ण वाचला. नाना म्हणाले, "वाचायचा नसतो, सही करायची असते." मी सही केली, आणि घरी येऊन हे लिहायला घेतलं.

कलम १. माझी एम-एटी गाडी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना. फुलांच्या जुड्या बाजारात न्यायला उपयोगी पडेल. मला तिला किक मारता येत नाही याला चार महिने झाले, तेव्हा गाडी अशीही त्यांचीच आहे. पोस्टातलं पासबुक आईचं, म्हणजे सुलाबाई पुंजाराम फडोळ हिचं. त्यातून माझ्या नावाने जेवणावळ घालू नये. आईने स्वतःसाठी चष्मा करावा. झेंडूची माळ ओवताना ती सुई डोळ्याला लावते.

कलम २. दुकानातली माझी हत्यारं, म्हणजे दोन कटर, रबरी पट्टी, लोखंडी फूटपट्टी आणि पात्यांचा डबा, माझ्याबरोबर काम करणाऱ्या लहानूला. त्याचा हात माझ्याइतका साफ नाही, हे त्यालाही माहीत आहे. त्याला वस्तू देतोय म्हणून तो या कागदाचा साक्षीदार होऊ शकत नाही, असं कोर्टासमोरच्या टायपिस्टने सांगितलं. लहानू त्यावर रुसला. म्हणाला, "मग हत्यारं नको, सही करतो." त्याला हत्यारंच मिळतील.

कलम ३. बी.एस्सी.ची पुस्तकं रद्दीत घालावी. दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये माझ्या हातून काचेची नळी सुटून फुटली. सर म्हणाले, "काय फडोळ, सकाळीच घेऊन आलात का?" पोरं हसली. मी नळीचा लोखंडी स्टँड उचलून टेबलावर आपटला आणि जो निघालो तो परत गेलो नाही. त्या सरांना मी माफ केलेलं नाही, आणि मेल्यावर करीन असंही समजू नये.

कलम ४. आता शुभांगी.

शुभांगी निमसे, पंचवटीतली. तिलाही हाच आजार. आमची ओळख दवाखान्यातल्या बाकड्यावरची. या वर्षी फेब्रुवारीत त्या दवाखान्यात एका नव्या इंजेक्शनचा अभ्यास सुरू झाला, त्यात आम्ही दोघं होतो. चोवीस आठवडे, दर गुरुवारी एक सुई. निम्म्या पेशंटना खरं औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. कोणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही माहीत नाही. नंबरांची यादी बंद पाकिटात, दुसऱ्या शहरात. माझा नंबर चौदा, तिचा एकोणीस. अभ्यासाचं काम बघणाऱ्या छाया मॅडमनी बजावलं होतं, "एकमेकांशी तुलना करायची नाही." बाकड्यावर बसून पेशंट दुसरं काय करतात ते मॅडमनी कधी पाहिलं नसावं.

बाटल्या घरी थंड ठेवायच्या होत्या. आमच्याकडे फ्रीज नाही. शुभांगीची आई, कलाकाकू, म्हणाल्या, "आमच्याकडे ठेव की, दोन खोकी काय जड आहेत?" सुई टोचायला मॅडमनी काकूंनाच शिकवलं. म्हणून दर गुरुवारी मी निमस्यांकडे. औषध नसतं तरी मी बरा झालो असतो असे ते गुरुवार होते.

पण औषध होतं. तिसऱ्या आठवड्यापासून सुई टोचलेल्या जागी मला लाल चट्टा यायचा, खाज सुटायची. सहाव्या आठवड्यात माझी मूठ वळली. आठ वर्षांनी. दुकानाचे मालक सहादूभाऊ म्हणाले, "बंट्या, आज तू कटर धरलाय, कटरने तुला नाही." शुभांगीला ना चट्टा, ना खाज, ना फरक. आठव्या गुरुवारी मी तिला मूठ करून दाखवली. मूर्खपणा केला. तिने फ्रीजचं दार ढोपराने धाडकन लावलं.

"तू बरा होणार. मग तुझे आईवडील पोरगी बघतील. पळणारी."

"मी कशाला बघू पोरगी?"

"सगळे बघतात. तुला औषध आलंय बंटी, मला पाणी. माझं नशीबच नळाचं."

आणि ती रडली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझा हेवा केला होता, आणि तो तिने केला होता. मला ते सहन झालं नाही.

कलम ५. कबुली. नवव्या गुरुवारपासून चोविसाव्यापर्यंत मी बाटल्यांची अदलाबदल केली. लोडशेडिंगमुळे फ्रीज रोज चार-पाच तास बंद, बाटल्यांना घाम सुटायचा, लेबलं भिजून सैल. मी गुरुवारी थोडा आधी जायचो. काकू आत चहा टाकायच्या तेवढ्यात पात्याने चौदाचं लेबल उचलून एकोणीसवर आणि एकोणीसचं चौदावर. लेबल न फाडता उचलणं हाच माझा धंदा आहे. पहिल्या काही आठवड्यांत बोटं छान चालली, कारण अंगात औषध शिल्लक होतं. पुढे एकेका लेबलाला घाम फुटायचा तो मलाच.

बाराव्या आठवड्यात शुभांगी दंड चोळत म्हणाली, "मला पण खाज सुटतेय रे." आणि हसली. सोळाव्या आठवड्यात ती मैत्रिणींबरोबर पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून आली आणि मला एकेक पायरी सांगत बसली. माझे गुडघे तेव्हा परत सुजले होते. मी म्हटलं, "वा."

मी हे केलं त्यात दया किती आणि हक्क किती, ते मला आज सांगता येत नाही. तिच्या अंगात आता माझं औषध फिरतंय, असं मला वाटायचं. वाटायचं की ती पुरती बरी झाली की एक दिवस सांगीन. अभ्यास चालू असताना सांगितलं असतं तर दोघांनाही काढलं असतं, म्हणून थांबलो. तेवढ्यात तिला स्थळं यायला लागली. आजारी होती तोवर तिच्याकडे माझ्याशिवाय कोणी बघत नव्हतं. मीच माझ्या हाताने तिला लग्नाच्या बाजारात नेऊन उभी केली.

माझी मान त्या सोळा आठवड्यांत बिघडली की आधीच बिघडलेली होती, ते एक्स-रे सांगत नाही. याचा दोष कोणी शुभांगीला दिला तर मी त्याच्या स्वप्नात येईन.

स्थळ पक्कं झालं ते दिंडोरीचं. साईनाथ वडजे, द्राक्षबागायतदार. दिवाळीच्या आठवड्यात तो नवी जीप घेऊन आमच्याच दुकानात आला. शुभांगी पुढच्या सीटवर. दुकानात मी एकटा.

"भाऊ, मागच्या काचेवर 'शुभांगी' टाका. मोठं. चंदेरी."

मी कापायला घेतलं. तीन अक्षरांना मला एक तास लागला.

"पहिलंच काम हाय का?" साई म्हणाला.

"बोटं दुखतात."

"संधिवात? आमच्या हिला पण होता. पण बघा, परवा डॉक्टरांनी पाकीट उघडलं, तर हिला औषध नव्हतंच. नुसतं पाणी. पाण्यावर बरी झाली. लय भारी हाय आपली बायको."

"अजून झाली नाही."

"काय?"

"बायको."

तो मोठ्याने हसला. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. मी स्वस्तातला रोल लावला, एका उन्हाळ्यात उचकटेल असा. हाही गुन्हा कबूल.

मग शुभांगी नाव बघायला खाली उतरली. तिने जीपचं दार दोन्ही तळव्यांनी ढकलून उघडलं, बोटं आत दुमडून. साईला त्यात काही दिसलं नाही. मला दिसलं. दार असं फक्त आम्हीच उघडतो.

"बोटं?" मी विचारलं.

"थंडीने आखडतात जरा. आई म्हणते, मनाने बरी झालीस, मन घट्ट ठेव." मग माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "तुला खरं औषध मिळालं बंटी, आणि लागू पडलं नाही. मला मिळालं असतं तर." अजूनही तिला माझा हेवा वाटतो.

~~कलम ६. मी मेलो तर तेराव्या दिवशी शुभांगी आणि साईनाथ यांना शेजारी शेजारी बसवून सहादूभाऊंनी कलम ५ मोठ्याने वाचावं. हिच्या पायांतली ताकद कोणाची होती ते त्याला कळावं. मग तिने जन्मभर माझी आठवण काढावी, आणि ती काढताना त्याने तिला बघावं. हे रागाने नाही, विचार करून लिहिलं आहे.~~

कलम ७. कलम ६ रद्द.

ते लिहून झाल्यावर मी बूथवरून छाया मॅडमना फोन केला, ऑपरेशनची तारीख कळवायला. त्यांनी सहज सांगितलं की शनिवारी यादी जाते. ज्यांना औषध मिळालं आणि गुण आला, त्यांना कंपनी पुढची दोन वर्षं औषध फुकट देणार. मी विचारलं, "निमसे?" मॅडम म्हणाल्या, "तिला कशाला? ती पाण्यावर बरी झाली. लकी आहे." माझं नाव तर नाहीच, मी औषध घेऊन बिघडलेला.

बूथमधून बाहेर येऊन मी वार मोजले. यादी शनिवारी. ऑपरेशन सोमवारी. मेलो तर तेरावा डिसेंबरात. आणि जगलो तर हा कागद कोणी उघडणारच नाही, ती तिकडे दिंडोरीला मन घट्ट ठेवत बसेल आणि वर्षभरात तिची बोटं माझ्यासारखी होतील. मृत्युपत्राची हीच खोट आहे. माणूस मेल्याशिवाय ते तोंड उघडत नाही.

म्हणून कलम ५ आणि हे कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाहीत. दोन्हींची नक्कल पाकिटात घालून आजच लहानूच्या हाती छाया मॅडमना पाठवतो. माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवू नये. दर महिन्याला आमचं जे रक्त घेतलं ते गोठवून ठेवलेलं आहे. त्यात औषध शोधा. नवव्या आठवड्यानंतर ते चौदात नसेल, एकोणीसात असेल. माझ्यामुळे तुमच्या अभ्यासात दोन खोट्या नोंदी गेल्या, आणि ज्यांना मी ओळखत नाही अशा पेशंटना त्यांवरून औषध दिलं किंवा नाकारलं गेलं असतं. त्याची शिक्षा मला द्या. ती निर्दोष आहे, तिला काही माहीत नव्हतं. तिचं नाव शनिवारच्या यादीत घाला. माझं घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तिला सगळं सांगा. पण एकटीला सांगा, साईसमोर नको. पाण्यावर बरी झालेली बायको तो मिरवतोय. दर गुरुवारी सुई लागणारी बायको चालेल का, हे तिनेच त्याला विचारावं, अकरा डिसेंबरला लग्न आहे त्याच्या आत. तो नाही म्हणाला तर मला आनंद होईल, हे मी लपवत नाही.

हो म्हणाला तर त्याला सुई टोचायला शिकवा. काकू कायमच्या दिंडोरीला जाऊन राहणार नाहीत. बाटली फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायची, नाहीतर आग होते. आणि सुई आत जाताना तिच्याशी बोलत राहावं लागतं, काहीही, बाजारभाव सांगितला तरी चालतो. थांबलं की ती श्वास धरते आणि दंड कडक होतो. काकूंना हे माहीत नाही, कारण बोलत मी असायचो. हे त्याला सांगताना माझी लाही लाही होतेय. तरी त्याला सांगा.

वरचा सगळा मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, परत वाचला आणि तो माझाच आहे. कलम ६ वर काट मीच मारली, काटेवर सही केली आहे. राहिलेल्या वस्तूंची वाटणी सहादूभाऊंनी करावी.

लिहून ठेवणार: दिगंबर पुंजाराम फडोळ
(सही नीट उमटली नाही म्हणून शेजारी डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार. लिहिणाऱ्याने आम्हा दोघांसमोर सही व अंगठा केला, आम्ही त्याच्यासमोर सह्या केल्या:
१. सहादू किसन थेटे, रेडियम दुकान, पंचवटी
२. सिंधुबाई नामदेव काकड, निवृत्त शिक्षिका, मखमलाबाद

ठिकाण: नाशिक
तारीख: १७ नोव्हेंबर २००५, गुरुवार, दुपारी सव्वाबारा. लहानू पाकीट घेऊन गेल्यानंतर.